रेगन यांनी वाचलेली दोन वाक्ये आणि न वाचलेली पाने

१ ऑक्टोबर १९८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन पत्रकारांसमोर उभे होते. विषय करकपातीचा होता. कर कमी करून सरकारचे उत्पन्न वाढते, हे तुम्ही कशावरून म्हणता, असा सूर सगळीकडून निघत होता. रेगन यांनी उत्तर देताना एकदम चौदाव्या शतकात उडी घेतली आणि इब्न खलदून या मुस्लिम विचारवंताचे नाव घेतले. राजवटीच्या सुरुवातीला कर थोडा आणि महसूल मोठा असतो, राजवटीच्या शेवटी कर मोठा आणि महसूल थोडा असतो, अशा आशयाचा त्यांचा विचार रेगन यांनी सांगितला. आपल्यालाही थोड्या करातून मोठा महसूल मिळवायचा आहे, असे म्हणून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून हा इब्न खलदून कोण, याची चर्चा झाली.

आपल्याकडे ही बातमी अजून फिरते. अर्थसंकल्पाचे दिवस आले की मोबाइलवर कुणीतरी ती पाठवतो. 'अमेरिकेच्या अध्यक्षानेही मान्य केले' अशी तिची सुरुवात असते आणि 'अर्थशास्त्राचा खरा जनक मुसलमान होता' असा शेवट. पाठवणाऱ्याच्या मनातला अभिमान समजण्यासारखा आहे. ज्या समाजाला रोजच्या बातम्यांत आपले नाव बहुतेक वेळा आरोपीच्या जागी दिसते, त्याला असा एखादा उल्लेख उन्हातल्या सावलीसारखा वाटतो. बातमी खोटीही नाही. पण ती अर्धी आहे. रेगन यांनी 'मुकद्दिमा' या ग्रंथाच्या एका प्रकरणातला एक विचार घेतला. त्याच्या आजूबाजूच्या प्रकरणांत काय लिहिले आहे, हे ना त्यांनी सांगितले, ना आपण पुढे पाठवतो.

आधी रेगन यांची बाजू नीट समजून घेऊ. १९७० च्या दशकात अमेरिकेत महागाई आणि बेकारी दोन्ही एकदम वाढत होत्या. १९८० साली महागाईचा दर साडेतेरा टक्क्यांच्या घरात होता. वैयक्तिक प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ७० टक्के होता. अशा वेळी काही अर्थतज्ज्ञ म्हणू लागले की दोष मागणीत नाही, पुरवठ्यात आहे. लोकांना कमवावेसे, कारखाना काढावासा वाटला पाहिजे, आणि त्याच्या आड कर येतो आहे. या मंडळींना 'सप्लाय-साइड' म्हणजे पुरवठ्याच्या बाजूने विचार करणारे, असे नाव पडले.

त्यांच्यात आर्थर लॅफर यांचे नाव पुढे होते. १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात जेवताना त्यांनी रुमालावर एक वक्र रेषा काढून दाखवली, अशी गोष्ट ज्यूड वॅनिस्की या पत्रकाराने पुढे लिहिली. डिक चेनी त्या टेबलावर होते. हीच ती 'लॅफर रेषा'. कराचा दर शून्य असेल तर महसूल शून्य. दर शंभर टक्के असेल तरीही महसूल शून्य, कारण सगळेच जाणार असेल तर काम कोण करील? या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी एक दर असा असतो की ज्याच्या पुढे कर वाढवला तर महसूल घटू लागतो. लॅफर यांनी ही कल्पना आपली असल्याचा दावा कधी केला नाही. आपल्या आधी ती सांगणाऱ्यांत त्यांनी स्वतःच इब्न खलदून आणि केन्स यांची नावे दिली आहेत.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. मालेगावात कुणाकडे चार यंत्रमाग आहेत. रात्रपाळी चालवली तर महिन्याला शंभर रुपये जादा सुटतात असे समजा. त्यातले दहा कर म्हणून गेले तर तो रात्रपाळी चालवील. नव्वद गेले तर दिवे मालवून घरी जाऊन झोपेल. मग सरकारला नव्वदही मिळणार नाहीत आणि दहाही. किंवा तो रात्रपाळी चालवील आणि वहीत लिहिणार नाही.

आपल्या देशाने हे भोगलेले आहे. १९७३-७४ मध्ये भारतात सर्वांत वरच्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात. वांच्छू समितीने १९७१ मध्येच सांगितले होते की इतके चढे दर हे करचुकवेगिरीचे आणि काळ्या पैशाचे मोठे कारण आहे. पुढे दर उतरत गेले. १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी वरचा दर ५० टक्क्यांवर आणला, १९९७ मध्ये पी. चिदंबरम यांनी ३० टक्क्यांवर. त्यामुळे देश बुडाला नाही. म्हणजे रेगन यांनी उचललेला विचार निराधार नव्हता. अति कर माणसाची उमेद मारतो, हे खरेच आहे.

आता इब्न खलदून यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १३३२ मध्ये ट्यूनिसचा. घराणे मूळचे अंदलुसियातल्या इश्बिलियाचे, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या सेव्हिलचे. सतरा वर्षांचे असताना प्लेगच्या महामारीत आईवडील गेले. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य दरबारांत गेले. फेज, ग्रॅनाडा, बिजाया, तिलिम्सान. कधी सचिव, कधी वजीर, कधी राजदूत. सुमारे दोन वर्षे कैदेतही काढली. बिजायाच्या अमिराकडे असताना डोंगरातल्या बर्बर टोळ्यांकडून कर वसूल करायला ते स्वतः गेले होते. तेव्हा कर म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. कर देणाऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला होता. १३७५ मध्ये दरबारी राजकारणाला कंटाळून ते आजच्या अल्जीरियातल्या इब्न सलामाच्या किल्ल्यात जाऊन राहिले आणि १३७७ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी 'मुकद्दिमा' लिहून काढला. मुकद्दिमा म्हणजे प्रस्तावना. जगाच्या इतिहासाची प्रस्तावना लिहायला बसले आणि राज्ये का उभी राहतात, का कोसळतात, याचे शास्त्रच मांडून गेले. पुढे ते कैरोला गेले, काझी झाले, पद अनेकदा गेले आणि अनेकदा मिळाले. १४०१ मध्ये दमास्कसच्या तटाबाहेर त्यांनी तैमूरची भेट घेतली. १४०६ मध्ये कैरोतच त्यांचे निधन झाले.

मराठी आणि उर्दू शिकवणाऱ्या माणसाला या ग्रंथात एक वेगळी गंमत दिसते. त्यातले कळीचे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. राजवट या अर्थी ते 'दौला' म्हणतात. आपल्या जुन्या पत्रांत 'दौलत' हा शब्द राज्य याच अर्थी येतो. आज आपण दौलत म्हणजे फक्त पैसा समजतो, पण मराठी दौलत म्हणजे मराठ्यांचे राज्य. प्रजेला ते 'रैय्या' म्हणतात, ती आपली रयत. अन्यायाला 'जुल्म' म्हणतात, तो आपला जुलूम. वसूल, महसूल, जमा, खर्च, कर्ज, बाकी, हे सगळे शब्द अरबी-फारशीतून दख्खनच्या दफ्तरांत आले आणि इथेच राहिले. त्यामुळे या ग्रंथाचा मराठी वाचकाला परकेपणा वाटायला नको.

मग त्या प्रकरणात नेमके काय आहे? इब्न खलदून सांगतात की राज्य नवे असते तेव्हा कर कमी असतो. का? नवे राज्य दीनच्या पायावर उभे असेल तर ते शरियतने ठरवलेलेच घेते: मालावरची जकात, जमिनीचा खराज, बिगरमुस्लिमांकडून जिझिया. या सगळ्यांना मर्यादा बांधलेल्या आहेत, त्या ओलांडता येत नाहीत. राज्य टोळीच्या एकीतून, म्हणजे त्यांच्या भाषेत 'असबिय्या'तून उभे राहिले असेल, तर राज्यकर्ते वाळवंटातून नुकतेच आलेले असतात. राहणी साधी, गरजा थोड्या, लोकांच्या मालाकडे डोळा नसतो. कर कमी असल्यामुळे रयतेला हुरूप येतो. जमीन जास्त लागवडीखाली येते, व्यापार वाढतो, कर देणारे वाढतात, आणि म्हणून महसूल वाढतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांच्या मांडणीत कर कमी असण्याचे कारण खर्च कमी असणे हे आहे. आधी साधेपणा, मग कमी कर, मग भरभराट. क्रम हा आहे.

पुढे पिढ्या बदलतात. राजवाडे उठतात, चैनीची चटक लागते, पगारी फौज वाढते. खर्च भागेना म्हणून कर थोडा वाढवतात. पुन्हा भागत नाही म्हणून पुन्हा थोडा. हे इतके हळूहळू होते की कुणी वाढवला आणि केव्हा वाढवला, हे लोकांना आठवतही नाही. वाढलेला दर हाच रिवाज होऊन बसतो. मग बाजारातल्या मालावर आणि शहराच्या वेशीवर नवे कर बसतात. एक दिवस शेतकरी आणि व्यापारी हिशेब मांडतात. घातले किती, हाती आले किती? उत्तर पाहून त्यांची उमेद जाते. जमीन पडीक राहते. महसूल घटतो. दरबाराला वाटते, दर कमी पडतो आहे, म्हणून आणखी वाढवतात. असे करता करता वस्ती उजाड होते.

वेशीवरच्या करावरून आठवले. आपल्याकडे 'जकात नाका' हा शब्द बसथांब्यांच्या नावांत अजून शिल्लक आहे. मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाली. शब्दाचा हा प्रवास मोठा विचित्र आहे. जकात हा धनवानाने गरिबासाठी काढायचा हक्काचा हिस्सा. वेशीवर मालाकडून घेतला जाणारा कर तो नव्हे, त्याला अरबीत 'मक्स' म्हणतात आणि फकिहांनी त्यावर सतत नापसंती दाखवली. दख्खनच्या दफ्तरांत मात्र वेशीवरच्या करालाच जकात हे नाव मिळाले. इब्न खलदून ज्याला राज्य उतरणीला लागल्याची खूण मानत होते, त्याला आपल्या भाषेत एका इबादतीचे नाव पडले.

आता रेगन यांनी न सांगितलेल्या पानांकडे वळू. याच भागात थोड्या अंतराने आणखी काही प्रकरणे आहेत.

एका प्रकरणात ते सांगतात की सुलतानाने स्वतः व्यापार करणे रयतेला घातक आहे. साध्या व्यापाऱ्यांचे भांडवल साधारण एकमेकांच्या बरोबरीचे असते, त्यांची स्पर्धा चालू शकते. सुलतान उतरला की तो हवा तो माल हव्या त्या भावाने उचलतो आणि पडून राहिलेला माल जबरदस्तीने व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारतो. छोट्यांचे भांडवल संपते आणि त्यांच्याकडून मिळणारा करही संपतो. हे प्रकरण खुल्या बाजाराच्या समर्थकांना आवडण्यासारखे आहे.

पण दुसऱ्याच प्रकरणात ते म्हणतात की राज्य हा सगळ्यांत मोठा बाजार आहे. सुलतान आणि दरबार पैसा अडवून बसले, लोकांचे पगार आणि तनखे कापले, तर त्या पगारावर जगणारे लोक बाजारात खरेदी कमी करतील, दुकाने मंदावतील, आणि शेवटी सुलतानाचाच महसूल घटेल. पैसा रयतेकडून सुलतानाकडे आणि सुलतानाकडून रयतेकडे फिरत राहिला पाहिजे. हे वाचून खर्चकपातीचे कट्टर समर्थक नक्कीच अस्वस्थ होतील. केन्स यांनी विसाव्या शतकात जे सांगितले त्याच्याशी याचे नाते दिसते. एकाच ग्रंथातून दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो तो यामुळे. इब्न खलदून कोणत्याही पक्षाचे प्रचारक नव्हते. ते राज्य जगते कसे आणि मरते कसे, एवढेच पाहत होते.

तिसरे प्रकरण जुलमाचे आहे. त्यात मसऊदी या इतिहासकाराकडून घेतलेली एक गोष्ट येते. इराणचा बादशहा बहराम याने घुबडांचा आवाज ऐकला आणि आपल्या धर्मगुरूला विचारले, ही काय बोलत आहेत? धर्मगुरू म्हणाला, नर घुबड मादीला लग्नाची मागणी घालतो आहे. मादी म्हणते, बहरामच्या राज्यात उजाड झालेली वीस गावे मला दे, मग होकार. नर म्हणतो, हे तर सोपे आहे, बहरामचे राज्य टिकले तर तुला हजार गावे देतो. बादशहा चमकला. त्याने धर्मगुरूला एकांतात नेऊन अर्थ विचारला. धर्मगुरूने सांगितले की तुम्ही कसणाऱ्यांच्या जमिनी काढून दरबारी लोकांना आणि खुशमस्कऱ्यांना वाटल्या. त्यांनी त्या कसल्या नाहीत. ते तुमच्या जवळचे म्हणून त्यांच्याकडून कर घेतानाही सूट दिली गेली. त्यांच्या वाट्याचा बोजा उरलेल्या शेतकऱ्यांवर पडला. ते गावे सोडून गेले. बादशहाने जमिनी मूळ मालकांना परत केल्या तेव्हा राज्य पुन्हा सावरले.

गोष्ट घुबडांची आहे, पण मुद्दा कराचा आहे. राज्य उजाड होण्याचे कारण नुसता चढा दर नाही. कुणाला सूट मिळाली आणि तिचा बोजा कुणावर गेला, हे आहे.

याच ग्रंथात इब्न खलदून यांनी ताहिर बिन हुसैन या अब्बासी सेनापतीचे आपल्या मुलाला लिहिलेले पत्र पूर्ण उतरवून घेतले आहे. मुलगा सुभेदार म्हणून निघाला होता. पत्रात सल्ला आहे की खराज सगळ्यांवर न्यायाने वाटून बसव. खानदानी आहे म्हणून कुणाला सोडू नकोस, श्रीमंत आहे म्हणून सोडू नकोस, आणि तुझा कारकून किंवा तुझ्या जवळचा माणूस आहे म्हणूनही सोडू नकोस. कुणावर झेपणार नाही एवढा बोजा टाकू नकोस. खलिफा मामूनला हे पत्र इतके आवडले की त्याच्या नकला करून सगळ्या सुभेदारांना पाठवल्या गेल्या.

या मापाने रेगन यांचा कारभार तपासला तर काय दिसते? १३ ऑगस्ट १९८१ रोजी त्यांनी करकपातीच्या कायद्यावर सही केली. वरचा दर ७० वरून ५० टक्के झाला आणि १९८६ च्या दुसऱ्या कायद्यानंतर तो २८ वर आला. पण खर्चाचे काय? संरक्षणावरचा खर्च जोरात वाढवला गेला. पेन्शन आणि म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यावरच्या मोठ्या खर्चाला हात लावणे राजकीयदृष्ट्या अवघड होते. त्यांचे अर्थसंकल्पप्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांनी आकड्यांचा मेळ बसत नसल्याची कबुली एका पत्रकाराजवळ दिली आणि ती डिसेंबर १९८१ मध्ये छापून आली. रेगन यांनी इब्न खलदून यांचे नाव घेतले त्याच ऑक्टोबर महिन्यात अमेरिकी सरकारच्या कर्जाने एक लाख कोटी डॉलरची रेषा ओलांडली. १९८२ मध्ये रेगन यांनाच काही कर पुन्हा वाढवावे लागले. जानेवारी १९८९ मध्ये त्यांनी पद सोडले तेव्हा कर्ज पावणेतीन लाख कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे जवळपास तिप्पट झाले होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८३ पासून अमेरिकेची अर्थव्यवस्था वाढू लागली. महागाई चार टक्क्यांच्या आत आली, अर्थात त्यात मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांच्या कडक व्याजधोरणाचा वाटा मोठा होता आणि त्याची किंमत १९८२ च्या अखेरीस १०.८ टक्के बेकारीने मोजली गेली. करकपातीने उद्योगाला बळ मिळाले, हे त्यांचे समर्थक आजही सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण करकपात स्वतःचा खर्च स्वतः भरून काढील, हे झाले नाही.

इथे आपल्या चर्चेत नेहमी गल्लत होते. काटकसरीचा कारभार आणि करकपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुना रूढ अर्थ असा की सरकारने जमेपेक्षा जास्त खर्च करू नये, पुढच्या पिढीवर कर्ज ठेवू नये. आयसेनहॉवर यांच्यासारखे जुन्या वळणाचे रिपब्लिकन तसा विचार करत. म्हणूनच १९८० मध्ये उमेदवारीच्या लढतीत थोरल्या बुश यांनी रेगन यांच्या योजनेला जादूटोण्याचे अर्थशास्त्र म्हटले होते. पुढे तेच रेगन यांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, हा भाग वेगळा. खर्च न कापता कर कापायचा आणि मधली फट कर्जाने भरायची, हा रस्ता इब्न खलदून यांच्या सुलतानांना फारसा उपलब्ध नव्हता. त्यांच्यापुढे कर वाढवणे, मालमत्ता जप्त करणे किंवा चैन कमी करणे हेच पर्याय होते. आधुनिक सरकारला रोखे विकता येतात. त्यामुळे रयतेची उमेद आज जात नाही, तिच्या नातवंडांच्या नावावर बाकी मांडली जाते.

भारताचा उल्लेखही 'मुकद्दिमा'त आहे, आणि तोही मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबाराचा. इब्न बतूता हिंदुस्थानातून परतून मोरोक्कोच्या दरबारात तिथल्या गोष्टी सांगत असे. दिल्लीचा सुलतान प्रवासाहून परतला की यंत्रांतून नाण्यांच्या थैल्या लोकांवर उधळतो, असे त्याने सांगितले. लोक आपसात कुजबुजले की हा थापा मारतो. इब्न खलदून यांनाही शंका आली. तेव्हा एका वजिराने त्यांना समजावले की आपण पाहिले नाही म्हणून खोटे मानू नये. ज्या सुलतानाची उधळण मोरोक्कोत खरी वाटत नव्हती, त्यानेच दोआबात कर वाढवला होता. त्यात दुष्काळ पडला. शेतकरी जमिनी टाकून रानात पळाले. नंतर विहिरी खोदायला आणि बियाण्याला कर्जे देण्याची वेळ त्याच दरबारावर आली. ज्या देवगिरीला त्याने दौलताबाद केले, त्या दख्खनमध्येच १३४७ मध्ये बहमनी राज्य वेगळे झाले.

दख्खनला याच्या उलट उदाहरणही माहीत आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, १६२६ मध्ये वारला. हबशी गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने महसुलाचा मक्ता देण्याची पद्धत बंद केली, वसुलीचे काम ब्राह्मण कारकुनांकडे आणि देखरेख मुस्लिम अधिकाऱ्यांकडे दिली, गावाची मोडलेली व्यवस्था पुन्हा उभी केली आणि पिकाचा बेताचा हिस्सा ठरवून घेतला. मोगलांशी सतत लढाई चालू असतानाही त्याचा मुलूख आबाद राहिला, अशी त्याची आठवण मराठी मुलखाने जपली. दोनशे वर्षांनी दुसऱ्या बाजीरावाने मामलती जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने द्यायला सुरुवात केली. मामलेदाराने पुढे पोटमक्ते दिले आणि सगळा भार शेवटी रयतेवर उतरला. १८१८ मध्ये पेशवाई संपली. राज्यकर्ता मुस्लिम होता की हिंदू, याने कराच्या नियमात फरक पडला नाही. जिथे रयत सांभाळली गेली तिथे राज्य टिकले.

आता आपल्या काळाकडे पाहू. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के केला, इतर सवलती न घेणाऱ्या कंपन्यांसाठी. सरकारच्याच अंदाजाने त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडला जाणार होता. उद्योग वाढतील, नोकऱ्या येतील, हा त्यामागचा युक्तिवाद तोच, जो रेगन करत होते. तो योग्य की अयोग्य, यावर अर्थतज्ज्ञ भांडतील आणि भांडावे. पण प्राप्तिकर कधीच न भरलेला माणूसही कर भरतो, हे आपण विसरतो. भिवंडीतला हमाल साबण घेतो, बिस्किटाचा पुडा घेतो, मोबाइलचे रिचार्ज करतो, तेव्हा तो जीएसटी भरतो. त्याच पुड्यावर कारखानदारही तेवढाच कर भरतो, पण दोघांच्या कमाईतला त्याचा हिस्सा सारखा नसतो. वेशीवरचा नाका गेला, पण मालावरचा कर प्रत्येक दुकानाच्या बिलात आहे.

म्हणून इब्न खलदून यांच्याकडून आपण काय घ्यायचे, हा प्रश्न अभिमानापेक्षा मोठा आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाने नाव घेतले म्हणून ते मोठे होत नाहीत. रेगन यांच्या आधी सहाशे वर्षे ते मोठेच होते. आपण त्यांना प्रशस्तिपत्रासारखे मिरवले तर ज्याला जे वाक्य सोयीचे तो ते उचलून नेईल आणि आपण टाळ्या वाजवत बसू. उद्या एखाद्या सरकारने गरिबांचे अनुदान कापताना त्यांचे नाव घेतले, तर आपल्याकडे उत्तर असले पाहिजे. ते उत्तर त्याच ग्रंथात, काही पाने पुढे, लिहून ठेवलेले आहे.

आमच्या मुलांना शाळेत अर्थसंकल्पाचे तक्ते पाठ करावे लागतात. त्यापेक्षा त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे असे मला वाटते. सरकारचा स्वतःचा डामडौल किती कमी झाला? सूट कुणाला मिळाली आणि तिचा बोजा कुणावर गेला? आणि जमेपेक्षा जास्त झालेला खर्च कुणाच्या नावावर मांडला? हे प्रश्न डाव्या सरकारला विचारता येतात आणि उजव्यालाही. वक्फच्या मुतवल्लीला, मशिदीच्या ट्रस्टला, गावच्या सोसायटीलाही विचारता येतात. ताहिरने मुलाला लिहिलेले पत्र एका सुभ्यापुरते होते, तरी मामूनने ते सगळीकडे पाठवले. आपल्यालाही पुढे पाठवायचे असेल, तर तेच पाठवू या.